हाक न मारण्याची चाळीस मिनिटं

पुण्याहून परत आले त्याला दीड महिना झाला. आमच्या गावात कोणी पुण्याला जाऊन आलं की दोन प्रश्न ठरलेले: शनिवारवाडा पाहिला का, आणि बाकरवडी आणली का. बाकरवडी आणली. शनिवारवाडा मात्र लांबूनही पाहिला नाही. मी पाहिली येरवड्यातली एक खोली, तिच्या दारावरची पाटी आणि कात्रजचा एक साप. एवढ्यावर कोणाचं समाधान होत नाही. माझंही झालं नसतं.

पण परवा शेजारच्या लताबाई आल्या, दार लावून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "शोभाताई, आमच्या जावयाले तुमच्या भावाचंच औषध सांगितलं हो डॉक्टरनं. नेमकं काय करतात तिथं?" सांगायला लागले आणि मध्येच उठून चहा ठेवला. म्हणून लिहून काढते आहे. भावाला फोन करून विचारलं, नाव बदलू का तुझं? तो म्हणाला, "कायले बदलतं? लपवता लपवताच तर ही पाळी आली."

रविवार, हडपसर

सुनील माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता, तेव्हापासून मीच वाढवला. शिकला, कॉम्प्युटरच्या नोकऱ्यांचा पूर आला तेव्हा पुण्याला गेला, तिथल्याच मुलीशी लग्न केलं आणि हडपसरला अकराव्या मजल्यावर राहू लागला. आमच्या यवतमाळकडच्या पोरांना तेव्हा पुणं म्हणजे कंपनी आणि कंपनी म्हणजे स्वर्ग. आमच्या गल्लीत अजूनही सुनीलचं नाव घेऊन पोरांना अभ्यासाला बसवतात.

दोन वर्षांपूर्वी त्याचं बोलणं कमी झालं. मग जेवण कमी झालं, मग झोप गेली. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, एक बदलून दुसरी, दुसरी बदलून तिसरी. समुपदेशनही झालं. काहीच लागू पडेना. मेधाचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, फोन आला तो एका वाक्याचा होता. "ताई, ते म्हणतात की संपलं तर बरं होईल, आणि ते चिडून नाही म्हणत, शांतपणे म्हणतात." एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढलेली मी, त्या "शांतपणे"ला घाबरले आणि त्याच रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली.

रात्रभराच्या ट्रॅव्हल्सचं वर्णन करत नाही, पाठीला विचारा. सकाळी हडपसरला उतरले. जुनं गाव कुठंतरी असेल म्हणतात, मला दिसल्या त्या काचेच्या इमारती आणि त्यांच्या पायाशी मेथीच्या जुड्या विकणाऱ्या बाया. सुनीलनं दार उघडलं, "आलीस?" म्हणाला आणि परत खुर्चीत जाऊन बसला. मी आल्यावर त्यानं माझी पिशवी हातातून घेतली नाही असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

मेधानं पोहे केले होते. चांगले होते, पण पोह्यांवर तर्री नाही, वरून खोबरं आणि चिमूटभर साखर. आमच्याकडे असे पोहे आजाऱ्याला देतात. इथं तर आजारीच होता, तरी त्यानं चार घास खाऊन ताटली सारली. गॅलरीला नवी जाळी लावलेली दिसली. "कबुतरांचा फार त्रास," मेधा म्हणाली. दिवसभरात मला एकही कबूतर दिसलं नाही. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं नजर वळवली.

आमच्याकडे माणूस आजारी पडला की खाटेभोवती वीस जण. प्रत्येकाकडे एक औषध आणि एक मेलेल्या माणसाची गोष्ट. त्याचा मला नेहमी राग यायचा. इथं समोरच्या दारातल्या माणसाला सुनीलचं नावही माहीत नव्हतं, आणि मला पहिल्यांदा त्या वीस जणांची आठवण आली. मेधाच्या रजा संपल्या होत्या. डॉक्टरांनी आता एक नवा उपचार सुचवला होता, त्याला घरचं एक जाणतं माणूस सोबत लागतं, रुग्णाला एकटं परत पाठवत नाहीत. म्हणून मला बोलावलं होतं.

सोमवार, येरवड्याकडे

"लिफ्टमध्ये कुणी विचारलं तर कल्याणीनगरला चाललोय म्हणायचं," मेधानं बजावलं. पुण्यात येरवडा म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी आठवतात, तुरुंग नाहीतर वेड्यांचं इस्पितळ. आमच्याकडेही चिडवताना तेच म्हणतात. टॅक्सी तुरुंगाच्या लांबलचक भिंतीजवळून गेली. सुनील खिडकीतून पाहत होता, पण काही पाहत नव्हता. सकाळपासून उपाशी होता, तसंच सांगितलं होतं. त्याला ते जड गेलं नाही, आणि मला त्याचंच वाईट वाटलं.

एका बंगल्याचा वरचा मजला. मानसोपचाराच्या तरुण डॉक्टरांनी आधी कितीतरी प्रश्न विचारले, रक्तदाब, हृदय, पूर्वी कधी भास झाले का, काही व्यसन आहे का. मग समजावलं. दोन आठवड्यांत सहा वेळा औषध शिरेतून, दर वेळी चाळीस मिनिटं, अगदी थोड्या मात्रेत. काहींना एक-दोन दिवसांत फरक पडतो, काहींना पडतच नाही. पडला तरी टिकेल याची खात्री नाही, नेहमीच्या गोळ्या आणि बोलणं चालूच ठेवायचं. हमी कोणी दिली नाही. मला ते बरं वाटलं, कारण हमी देणारे डॉक्टर मी पुष्कळ पाहिले आहेत.

औषध देण्याचं काम भूलतज्ज्ञ बाईंकडे. साठीच्या, केस पांढरे, पायात कापडी बूट, बोलणं अस्सल पेठेतलं. त्यांनी कुलपाच्या कपाटातून बाटली काढली आणि मी ती लांबूनच ओळखली. केटामाइन.

आमच्या थिएटरमध्ये ही बाटली घरच्यासारखी होती. तालुक्याच्या दवाखान्यात भूलतज्ज्ञ असे तर असे. जळालेल्याचं ड्रेसिंग करा, मोडलेलं हाड बसवा, वीज जावो की राहो, या औषधानं दुखणं जातं आणि श्वास सहसा चालू राहतो. किती जीव वाचवले असतील यानं, मोजदाद नाही. पण उतरताना हे औषध माणसाला कुठून कुठून फिरवून आणतं. कोणी गाणी म्हणे, कोणी सासूला शिव्या घाले. एक धडधाकट पाटील "मले खाली उतरवा" म्हणून तासभर रडला होता, आणि तो टेबलावर सरळ झोपलेला होता. आणि हेच औषध माझ्या भावाला? तेही तो जागा असताना?

"आपण नर्स होतात वाटतं," बाई माझ्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाल्या.

"थिएटरला. एकतीस वर्षं."

"मग माझ्याइतकंच पाहिलंय हे तुम्ही."

"पाहिलंय म्हणूनच भीती वाटते."

"वाटू द्या. फक्त ती चपलांबरोबर बाहेर काढून ठेवा."

पहिल्या दिवशी मला आत घेतलं नाही. दाराबाहेर बसून मी ती पाटी चाळीस मिनिटं वाचली: "आत बोलू नये. रुग्णास हात लावू नये. शंका आल्यास बेल दाबावी. बेल चालू आहे." शेवटचं वाक्य लिहावं लागेपर्यंत ज्या पुणेकरानं 'बेल चालते का?' हे शंभरदा ऐकून घेतलं असेल, त्याची मला कीव आली.

सुनील दोन तासांनी बाहेर आला. थोडा डुलत होता. "कसं वाटलं?" तर म्हणाला, "छत जवळ आलं होतं." एवढंच. घरी येऊन झोपला. संध्याकाळी मी वरणाला फोडणी देत होते, तर मागून आवाज आला, "सांबार टाकला का त्यात?" सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. मेधाला वीस वर्षांत हा शब्द पटलेला नाही. दोन वर्षांत त्याला कसला वास आला नव्हता, आणि आज कोथिंबिरीचा आला. मी वळून पाहिलं नाही, नजर लागेल म्हणून. मेधा बाथरूममध्ये जाऊन रडून आली.

बुधवार, तीच खोली

आता जे लिहायचं आहे ते टाळता आलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या खेपेला बाईंनी मला आत बसू दिलं. एका थिएटरवालीनं दुसरीला दिलेला मान होता तो. "पाटी वाचलीत?" त्यांनी विचारलं. म्हटलं, पाठ आहे. त्या काचेपलीकडे आपल्या टेबलाशी बसल्या. खोलीत पडदे ओढलेले, मंद दिवा, सुनील खाटेवर, हाताला सलाईन, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा. यंत्राच्या पडद्यावर आकडा दिसत होता, सत्त्याण्णव.

दहा मिनिटांत त्याचे डोळे अर्धे उघडे राहिले आणि बुबुळं हळूहळू इकडून तिकडे हलू लागली. हे मला माहीत होतं. पंचविसाव्या मिनिटाला डोळ्यांतून पाणी आलं, कानाकडे ओघळलं. तेही माहीत होतं. मी पदर मुठीत धरून बसले. मग त्यानं हात किंचित हलवला, तोंड उघडं पडलं, आणि पडद्यावरचा आकडाच गेला. तिथं नुसती रेघ. यंत्र ओरडायला लागलं.

मला काही आठवत नाही असं लिहिता आलं असतं, पण मला सगळं आठवतं. मी उठले, त्याच्या गालावर दोन चापट्या मारल्या आणि थिएटरभर घुमेल अशा आवाजात ओरडले, "सुन्या! ओ सुन्या! डोये उघड! डोये उघड म्हणतो ना!"

तो ताडकन उठून बसला. त्याच्या तोंडावर जी भीती होती ती मी कोणाच्याच तोंडावर पाहिलेली नाही. तो किंचाळला, मला ढकललं, हाताची सुई उपसली, चादरीवर रक्त सांडलं. बाई तोवर आत आल्या होत्या. त्यांनी एका हातानं यंत्र बंद केलं, दुसऱ्या हातानं सुईच्या जागी कापूस दाबला आणि त्याच्या कानाशी काहीतरी संथपणे बोलत राहिल्या. तो शांत व्हायला दहा मिनिटं लागली. रक्तदाब खाली यायला त्याहून जास्त.

मग त्यांनी चादरीवरून तो चिमटा उचलला आणि माझ्यापुढे धरला.

"सिस्टर, चिमटा निसटला होता. माणूस नाही."

मी तो हातात घेतला.

"आधी छातीकडे बघतात, मग यंत्राकडे. तुमच्याकडे शिकवत नाहीत का हे?"

शिकवतात. मीच शिकवत असे. दर वर्षी नव्या पोरी येत, आणि मी तोऱ्यात सांगे, आधी पेशंट पाहा, मशीनले काय कळते. आणि माझ्याच भावाची छाती डोळ्यांसमोर वर-खाली होत असताना मी मशीनवर विश्वास ठेवला.

"सवय हो डॉक्टर," मी कशीबशी म्हणाले. "थिएटरला हाक मारून मारूनच जागं करायचो आम्ही."

"तिथं गरज होती. इथं त्यांना जागं करायचं नव्हतं, जाऊ द्यायचं होतं." मग माझ्या हातातला चिमटा परत घेत म्हणाल्या, "आजचं अर्धं गेलं. शुक्रवारचं त्यांनी ठरवायचं. मी कोणाला ओढून झोपवत नाही."

टॅक्सीत सुनील दोनच शब्द बोलला. "पुन्हा नाई."

घरी मेधाला सांगितलं. ती पुण्याची, आवाज चढवत नाही. "ताई, मी तुम्हाला त्यांना सांभाळायला बोलावलं होतं," एवढंच म्हणाली आणि ताटं घेतली. नंतर येऊन माझा हात धरून माफी मागितली. तिचं काही चुकलं नव्हतं. सुनील भिंतीकडे तोंड करून पडला होता. वरणात मी मुद्दाम मूठभर सांबार टाकला होता, तो जेवायला उठलाच नाही. हे शेवटचं औषध होतं असं डॉक्टर म्हणाले नव्हते, पण तो दुसऱ्या कशालाही तयार होणार नव्हता, हे मी त्याच्या पाठीवरून ओळखलं. पोराला मी वाढवलं, आणि मीच त्याच्या तोंडचा घास काढला.

गुरुवार, कात्रज

सकाळी तो आंघोळ करून बाहेर आला आणि म्हणाला, "चाल, कात्रजला जाऊ." मेधा आणि मी एकमेकींकडे पाहिलं. पुण्यात आला तेव्हा त्याची पहिली खोली कात्रजला होती, चौघांत एक. दोन वर्षांत त्यानं आपणहून कुठं जाऊ म्हटलं नव्हतं. आनंद व्हायला हवा होता, पण मी दवाखान्यात राहिलेली बाई, फार दिवस खचलेला माणूस एकदम उठून "जाऊ" म्हणाला की त्याचे दोन अर्थ होऊ शकतात. मेधाला ऑफिसला जाणं भाग होतं. निघताना तिनं माझ्या कानात सांगितलं, "क्षणभरही सोडू नका."

बसनं गेलो. वाटेत पुणं हळूहळू पुन्हा गावासारखं होत गेलं. दूध डेअरीच्या दुकानात आम्ही मसाला दूध प्यालो, म्हणजे मी प्याले, त्यानं पेला हातात धरला. मग प्राणिसंग्रहालय. शाळेच्या सहली आलेल्या, वाघापुढे ही गर्दी. तळ्याचं पाणी दिसलं आणि मी त्याच्या आणि पाण्याच्या मधून चालू लागले. माझ्या म्हाताऱ्या गुडघ्यांना सुनीलचा वेग पेलेना. नळावर बाटली भरायला वाकले, सरळ झाले, आणि तो नव्हता.

सहलीच्या पोरांच्या रांगेतून मी धावत सुटले. तळ्याकडे पाहिलं. कोणी नाही. हरणांकडे पाहिलं. हाक मारायला तोंड उघडलं, "सु" एवढं आलं आणि पुढचं घशात अडकलं. त्याच्या तोंडावरची कालची ती भीती डोळ्यांपुढे आली. ज्या आवाजानं थिएटर दणाणत असे, तो आवाज मला माझ्या भावासाठी वापरता येईना. मी न बोलता, तोंड उघडं टाकून, वेड्यासारखी धावत राहिले. एका रखवालदारानं विचारलं, "ओ आजी, काय हरवलं?" मला त्यालाही सांगता आलं नाही.

तो सर्पोद्यानात होता. एका काचेपुढे उभा, हात मागे बांधून, शाळेतल्या पोरासारखा. मी त्याचा शर्ट मागून घट्ट पकडला आणि श्वास घेत राहिले. काचेमागे एक साप पडला होता, काळा, अंगावर बारीक पांढरे पट्टे. पाटी वाचायची मला गरज नव्हती.

"मण्यार," सुनील म्हणाला.

आमच्या आईला मण्यार चावली होती. जमिनीवर झोपली होती, चावल्याचं कळलंही नाही. मण्यार तशीच असते, सूज नाही, आग नाही. सकाळी उठली तर म्हणाली, पापण्या जड झाल्या गं. मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला, सुट्टीवर आलेली. जीप मिळेपर्यंत तिचे डोळे मिटले होते. दवाखान्यात पोहोचलो तेव्हा श्वास संपत आला होता. एवढंच. या गोष्टीवर आम्ही दोघं एकोणचाळीस वर्षांत एकदाही बोललो नव्हतो.

"ताई," तो सापाकडेच पाहत म्हणाला, "तू काल डॉक्टरले म्हणून राहिली होतीस, थेटरची सवय आहे म्हणून."

"आहेच ना."

"नाई. तू आईले तशीच हाक मारून राहिली होतीस. डोये उघड, डोये उघड म्हणतो ना. तेच शब्द. मी दारात उभा होतो."

मी तिथंच कट्ट्यावर बसले. मला वाटत होतं मी ती हाक नोकरीत शिकले. एकतीस वर्षं मी प्रत्येक बाईला, प्रत्येक पाटलाला, आईला मारलेलीच हाक मारत होते, आणि ते उठत होते, आणि मला बरं वाटत होतं. आई गेल्यावर पुढच्या वर्षी नर्सिंगच्या वर्गात शिकवलं होतं की मण्यारीच्या विषानं माणसाला शुद्ध असते, पण पापण्या उचलायची ताकद जाते. म्हणजे आई ऐकत होती. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी त्या कट्ट्यावर सुनीलला सांगितलं. सहलीची पोरं "ए साप बघ, साप" करत आम्हाला धक्के देत पुढे गेली.

तो काचेपासून मागे सरला. मग माझ्या शेजारी बसला.

"काल मी आपल्या नदीवर होतो. पाणी गुडघ्याएवढं. अंगावरचा धोंडा काढून ठेवल्यावानी वाटून राहिलं होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा. अन् तेवढ्यात तुझी हाक आली. मले वाटलं, मी मेलो. ताई तशी हाक मेलेल्या माणसालेच मारते."

"माफ कर रे बाबा. चुकलं माझं."

"तसं नाई म्हणून राहिलो मी." त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "दोन वर्षं रोज वाटे, संपलं तर बरं. अन् काल खरंच वाटलं संपलं, तर मी घाबरलो ना ताई. लयच घाबरलो. रात्रभर तेच इचार करून राहिलो. ज्याले संपायचं आहे तो घाबरन कायले?"

मी त्याचा हात धरला.

"उद्या जाऊ," तो म्हणाला. "पण तू आत बसशीन."

"नको रे. मी बाहेर बसतो. माझा मलेच भरोसा नाही."

"आतच. अन् हाक मारायची नाई. काही झालं तरी. तू गप बसून आहेस हे मले माहीत पाहिजे. तू गप आहेस म्हणजे मी जिता आहो."

परतीच्या बसमध्ये त्यानं निघताना डेअरीतून घेतलेली गारेगार मसाला दुधाची बाटली संपवली. म्हणाला, गोड फार करतात हे लोक.

शुक्रवार

पुढचं आधी सांगून टाकते, म्हणजे लताबाई उगाच शेवटचं पान उघडणार नाहीत. सहाही डोस झाले. चौथ्यानंतर तो झोपू लागला, सहाव्यानंतर ऑफिसला फोन केला. मी परतल्यावर तीन आठवड्यांनी पुन्हा जरा खाली गेला, पुन्हा एकदा औषध दिलं, सावरला. गोळ्या चालू आहेत, समुपदेशन चालू आहे. बरा झाला असं मी म्हणत नाही. डॉक्टरही म्हणत नाहीत. रोज संध्याकाळी फोन करून काय जेवलो ते सांगतो, इतकं म्हणते. आणि एक नर्स म्हणून सांगते: हे औषध सगळ्यांना चालत नाही, रक्तदाब चढवतं, चटकही लावू शकतं, म्हणून ते कुलपात असतं. कोणी घरी देतो म्हणाला तर त्याला दाराबाहेर काढा.

तर शुक्रवार. बाईंनी आम्हाला पाहून भुवया उंचावल्या, पण काही विचारलं नाही. चिमट्यावर चिकटपट्टीचे दोन वेढे दिले. "ही तुमच्यासाठी," मला म्हणाल्या. मी हात मांडीखाली दाबून बसले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आणि मला माझ्या हातांची खात्री नव्हती.

औषध सुरू झालं. मी पडद्याकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं. त्याच्या छातीकडे पाहिलं. श्वास मोजला. मिनिटाला चौदा, मग तेरा, मग परत चौदा. दहा मिनिटं गेली. बुबुळं हलायला लागली. वीस गेली. डोळ्यांतून पाणी आलं, मला ते पुसायचं होतं, पुसलं नाही. अठ्ठाविसाव्या मिनिटाला त्याचे ओठ हलले आणि तो स्पष्ट म्हणाला, "आई."

माझ्या आतून काहीतरी उठलं ते थेट जिभेपर्यंत आलं. मी दात आवळले. श्वास चालू होता, मी पाहत होते, तरी माझी पाचावर धारण बसली. मी मांडीखालचा एक हात काढला आणि बेल दाबली.

बाई आल्या. त्याच्याकडे पाहिलं, आकड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि वाकून अगदी हळू म्हणाल्या, "छान चाललंय. आणि बेल चालू आहे, हेही सिद्ध झालं." आणि परत काचेपलीकडे गेल्या.

उरलेली बारा मिनिटं मी जन्मभर विसरणार नाही. औषध संपलं, नळी बंद झाली. तो तसाच पडून होता, डोळे आता पूर्ण मिटलेले, तोंडावर कसलाही ताण नाही. मी बसून राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बाहेर कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. मग त्याचे ओठ हलले.

"ताई."

मी ओ दिली नाही. तसं ठरलं होतं.

"आहेस ना?"

मी त्याच्या पायावर हात ठेवला. तेवढा पाटीचा नियम मोडला.

"ताई, आता मार हाक."

थुंकी गिळली, पदरानं तोंड पुसलं. मग जितक्या हळू बोलता येईल तितक्या हळू म्हणाले, "सुन्या, डोये उघड."

त्यानं उघडले.